नवा स्टिरिओ आणि स्पीकरमधली 'कुईं'

सुट्टीत बडोद्याहून पुण्याला किंवा इंदूरहून नाशिकला गाडीने जायचे म्हणजे गाणी हवीतच. म्हणून जुन्या गाडीत हौसेने टचस्क्रीनचा स्टिरिओ बसवला जातो. पण इंजिन सुरू होताच गाण्यामागे बारीक 'कुईं' ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. अशा वेळी लगेच स्पीकर बदलायला जाऊ नका. कालपर्यंत नीट वाजणारे स्पीकर बहुधा निर्दोष असतात.

हा आवाज येतो अल्टरनेटरमधून. तो बॅटरी चार्ज करताना विजेत किंचित चढउतार राहतात. स्टिरिओचे अर्थिंग कच्चे असले की ते चढउतार थेट स्पीकरमध्ये शिरतात.

दोष शोधायला अवजारे लागत नाहीत. आधी मोबाईलचा चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहा. चार्जर आणि ऑक्स केबल एकाच वेळी लावल्यावरच आवाज येत असेल, तर ब्लूटूथवर गाणी लावा, प्रश्न मिटला. खरखर फक्त एफएमवर असेल तर अँटेनाची पिन तपासा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज तेवढाच राहत असेल, तर गडबड अ‍ॅम्प्लिफायरकडे किंवा त्याच्या आरसीए केबलमध्ये आहे.

आता उपाय. स्टिरिओची काळी तार म्हणजे अर्थ. ती रंगावर किंवा गंजावर नव्हे, घासून चकचकीत केलेल्या बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसायला हवी. आरसीए केबल आणि बॅटरीची जाड तार शेजारून नेऊ नका. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून न्या. स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला कधीच जोडू नका, त्याने नवा स्टिरिओ जळू शकतो. एवढे करूनही आवाज उरला, तर ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो. मात्र स्वस्तातला आयसोलेटर बास थोडा खातो, म्हणून तो शेवटचा उपाय.

काम घरी करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना हात लावू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे किंवा तार थेट जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे पैसे वाचवू नका, जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

आणखी एक. आवाज अचानक वाढला, दिवे मंदावले किंवा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दोष स्टिरिओचा नाही. अल्टरनेटर बिघडत असावा. तो दाखवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका. मुलाबाळांसह रात्री घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा घरून एक दिवस उशिरा निघणे केव्हाही बरे.