नातवंडाचे बेटावरचे वर्ष आणि घरची माणसे

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मुलांचे उच्च शिक्षण ही साऱ्या घराची कमाई मानली जाते. उसाच्या बिलातून शुल्क भरलेले असते, कधी बँकेचे कर्ज काढलेले असते, आणि आजोबांनी आपल्या निवृत्तिवेतनातून वसतिगृहाचा खर्च उचललेला असतो. अशा घरात तिसऱ्या वर्षाला असलेली नात एखाद्या संध्याकाळी म्हणते, "आजी, मी एक वर्ष कॉलेज थांबवणार आहे. अंदमानला जाऊन राहायचंय, काम करायचंय." अशा वेळी घरात बहुधा शांतता पसरते. वडील रागावतात, आई रडवेली होते आणि आजी देवघराकडे पाहते. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : ही पोर परत येईल ना?

शिक्षणात वर्षभराचा विराम घेण्याची कल्पना आता पूर्वीइतकी अपरिचित राहिलेली नाही. त्यातून मुलांना काय लाभते, याविषयी पुष्कळ बोलले जाते. मागे राहिलेल्या वृद्धांचे आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांचे त्या वर्षात काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या विचारासाठी हा लेख.

दोन प्रस्थाने, एक परतीचा दिवस

महाराष्ट्राला अशी प्रस्थाने नवीन नाहीत. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पालीचा अभ्यास केला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, हार्वर्ड विद्यापीठातही संशोधन केले. बेटावरच्या त्या वास्तव्याचे ऋण मराठी विद्याजगतावर मोठे आहे. पण ते निघाले तेव्हा घरी तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. परतण्याची तिथी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या माउलीने ती वर्षे कशी काढली असतील, याचा अंदाज आज दूरध्वनीची वाट पाहणाऱ्या कोणत्याही आजीला सहज करता येईल.

दुसरे उदाहरण विनोबा भावे यांचे. १९१६ साली इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. महाविद्यालय सुटले ते कायमचेच. मात्र त्यानंतरच्या वर्षीची त्यांची रजा आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यावर प्रकृती सुधारावी आणि संस्कृतचा अभ्यास पुरा व्हावा, म्हणून त्यांनी एक वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ ते शिकले. तेथे त्यांनी गीतेचे वर्ग चालवले, महाराष्ट्रात शेकडो मैल पायी हिंडले, आहार साधा ठेवला. आपण काय शिकलो, काय खाल्ले, किती चाललो, याचा सविस्तर हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला. आणि वर्ष भरले त्या ठरलेल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले.

हेतू, हिशेब आणि परतीचा दिवस या तीन गोष्टी त्या रजेत होत्या. नातवंडाच्या बेटावरच्या वर्षातही त्या असतील, तर मागच्यांचा जीव टांगणीला लागत नाही.

विराम की माघार?

पहिली पारख आरोग्याची. मूल नव्या अनुभवासाठी निघाले आहे की असह्य झालेल्या कशापासून दूर पळते आहे, हे हळुवारपणे समजून घ्यावे. जाणारे मूल उत्साहाने नकाशे दाखवते, खर्चाचे गणित मांडते, मित्रांना भेटते. याउलट दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ उदास राहणे, झोप व भूक बिघडणे, आवडीच्या गोष्टींत मन न लागणे, माणसे टाळणे, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे, ही लक्षणे दिसली तर दूरचा प्रवास हा उपाय नव्हे. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. आजी-आजोबांना येथे विशेष स्थान असते. आईवडिलांपाशी न उघडलेले मन मूल अनेकदा त्यांच्यापाशी उघडते. त्या वेळी उपदेश न करता ऐकून घेणे, हीच मोठी शुश्रूषा.

कागद आधी, बोट नंतर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडून पुन्हा परतण्याची तरतूद आहे. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या खात्यात जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. तथापि अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण अशा व्यावसायिक शाखांचे नियम निराळे असतात. म्हणून पुन्हा प्रवेश कोणत्या सत्रात मिळेल, शुल्क किती लागेल आणि शिष्यवृत्तीचे काय होईल, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. शैक्षणिक कर्ज असल्यास बँकेला आधी कळवावे. हप्ते केव्हा सुरू होतात, हे अभ्यासक्रमाच्या कालावधीवर अवलंबून असते. कुटुंबाच्या आरोग्यविम्यात मुलाचे संरक्षण कोणत्या वयापर्यंत आहे आणि ते कमावू लागल्यावर टिकते का, हेही विचारून घ्यावे.

बेटावरचे आरोग्य

अंदमानच्या मुख्य पर्यटन बेटांवर भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. निकोबार व आदिवासींसाठी राखीव क्षेत्रात जाण्यावर मात्र निर्बंध आहेत. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश-परवाना आवश्यक असतो. अंदमानात वर्षातील मोठा काळ पाऊस असतो. तेथे लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग जुना आहे. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी किंवा चिखल जखमेतून शरीरात गेल्यास तो होतो. ताप, तीव्र अंगदुखी आणि लाल डोळे दिसताच डॉक्टरांकडे जावे. विलंब झाल्यास मूत्रपिंड व यकृतावर परिणाम होऊ शकतो. हिवताप व डेंग्यूसाठी मच्छरदाणी हवीच. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, आणि नेहमीची औषधे चिठ्ठीसह बरोबर असावीत.

लहान बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात. मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम्, गाठावे लागते, आणि समुद्र खवळला की बोटी थांबतात. म्हणून दमा, अपस्मार, मधुमेह असलेल्या मुलांनी वस्तीचे बेट निवडताना रुग्णालय किती दूर आहे, हे आधी पाहावे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तेथील संपर्क सुधारला आहे; तरीही वादळी दिवसांत फोन न लागणे शक्य असते. फोन लागला नाही म्हणजे अघटित घडले, असे नव्हे, हे घरच्यांनी आधीच मनाशी ठरवून ठेवावे.

मागे राहणाऱ्यांची तयारी

आता सर्वांत नाजूक भाग. बहुतेक घरांत नातवंड नकळत शुश्रूषकाचे काम करीत असते. आजोबांचा रक्तदाब तेच मोजते, इन्शुलिनची मात्रा तेच पाहते, दवाखान्याची वेळ तेच घेते, फोनवरून वीजबिल तेच भरते, मोतीबिंदूच्या तपासणीला पुण्याला तेच नेते. ते निघून गेल्यावर पहिल्याच महिन्यात या कामांची उणीव भासते, आणि त्या उणिवेचा राग मग मुलाच्या निर्णयावर निघतो.

म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी या कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहावे. औषधांची नावे व वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात. आठवड्याच्या गोळ्यांची कप्प्यांची डबी भरण्याचे काम सून, मुलगा किंवा शेजारी यांपैकी एकाकडे निश्चित सोपवावे. डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक दूरध्वनीजवळ असावा. ज्येष्ठांना मार्गदर्शन हवे असल्यास १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. नातवंड जाण्याआधी पंधरा दिवस ही व्यवस्था त्याच्या देखत चालवून पाहावी. जे अडेल ते तेव्हाच उमगते.

दोन पथ्ये वृद्धांनीही पाळावीत. आपल्या दुखण्याचे निमित्त करून मुलाला अडवू नये. आणि मूल दूर आहे म्हणून खरे दुखणे त्याच्यापासून लपवूही नये. पहिल्याने मुलाच्या मनात अपराधभाव रुजतो. दुसऱ्याने, पुढे काही वाईट घडल्यास, तो जन्मभर फिटत नाही. कोणती बातमी त्याच दिवशी कळवायची आणि कोणती रविवारच्या बोलण्यात सांगायची, हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे. रुग्णालयात दाखल होणे, पडणे, छातीत दुखणे या बातम्या त्याच दिवशीच्या. सर्दी, पथ्य मोडणे, घरातली कुरबुर या रविवारच्या.

रोजच्या फोनाचा आग्रह नसावा. आठवड्यातून एक ठरलेली वेळ पाळली, तर ती रोजच्या तगाद्यापेक्षा अधिक आधार देते. शक्य असेल तर महिन्याला एक पत्र मागावे. पत्र पुन्हा वाचता येते, एकटेपणाच्या दुपारी ते सोबत करते.

परतल्यावर

उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले, तेव्हाचे वृद्ध इंदापूर तालुक्यात आजही भेटतात. घर सोडणे, नव्या जागी रुजणे आणि जुन्या वाटेची ओढ वाहणे, हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे. तो अनुभव नातवंडाला सांगावा, पण ते परतल्यावर लगेच नव्हे. पहिले काही आठवडे त्याला मोकळे सोडावे. कनिष्ठ विद्यार्थ्यांबरोबर बसून अभ्यास करणे, पुन्हा वेळापत्रकात अडकणे, याला वेळ लागतो. "काय मिळवलंस?" या प्रश्नाऐवजी "कसा होता तिथला दिवस?" असे विचारावे.

आणि मुक्काम लांबवायचा झाल्यास तो निर्णय परतीच्या दिवसापूर्वी, सर्वांशी बोलून व्हावा. ठरलेली तारीख कॅलेंडरवर लिहून ती आजीच्या खोलीत लावलेली असावी. वाट पाहण्याला अंत आहे, हे दिसत राहिले की वृद्ध मनाला ती वाट सोसते.