‘आ’ केलं म्हणजे तोंड तपासलं?

खोकला घेऊन गेलं की डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात, टॉर्च मारतात, घसा बघतात. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग मात्र बहुतेक वेळा घशाच्या अलीकडेच असतो: गालाच्या आत, गाल आणि हिरडीमधल्या खोबणीत. तंबाखूची चिमूट तिथेच दाबलेली असते, खर्राही तिथेच. टॉर्चचा उजेड त्या जागेवरून सरळ पुढे निघून जातो.

म्हणून परिचारिका, आशाताई, दंतवैद्य, अगदी एमबीबीएस डॉक्टरांनाही शिकवायचं असतं ते क्रमाने बघायला. आधी कवळी काढायला लावायची. मग ओठ उलटवून आतून पाहायचे, दोन्ही गाल ताणायचे, हिरड्या, टाळू. जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढायची. कडा मागपर्यंत दिसतात त्या तेव्हाच. जिभेखालची जागा हमखास सुटते. शेवटी हातमोजा घालून बोटाने चाचपायचं, कारण जखमेखालचा कडकपणा डोळ्यांना दिसत नाही. मानेतल्या गाठीही बघायच्या. सगळं मिळून पाचेक मिनिटं.

शोधायचं काय? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. लाल चट्टा त्याहून जास्त धोक्याचा, आणि नवशिका त्यालाच साधी सूज समजून सोडून देतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. सुपारी खाणाऱ्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायचं; जात नसतील तर आतली त्वचा आखडू लागली आहे. यातलं बरंचसं दुखत नाही, म्हणून माणूस आपणहून येत नाही.

डॉक्टर नसलेल्यांना हे जमतं का? केरळात तिरुवनंतपुरमजवळ 1996 पासून डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पदवीधरांना शिकवून घरोघर पाठवलं. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. सरसकट सगळ्यांत मात्र फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. माझ्या मते यातच प्रशिक्षणाचा अर्धा धडा आहे. कुणाचं तोंड आधी बघायचं हे कळायला हवं, आणि ‘मशेरी लावता का?’ हा प्रश्न बाईला न लाजवता विचारता यायला हवा.

चट्टा सापडल्यावर खरी गळती सुरू होते. चिठ्ठी लिहून दिली, रुग्ण बायोप्सीला गेलाच नाही. त्याला तिथवर पोचवणं प्रशिक्षणात क्वचितच येतं, यायला हवं.

2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी तपासायचं आहे. तुम्ही त्या वयात असाल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि तपासणी मागून घ्या. तंबाखू खात असाल तर याच आठवड्यात जा.