बडीचे काम

आमच्या हाउसमध्ये मी 'बडी' स्वयंसेवक आहे. बडी म्हणजे समुपदेशक नव्हे. साथीदाराला समुपदेशकापर्यंत नेणारा. कोणी जेवण टाकतो, खेळ टाळतो, रात्री जागा राहतो, तर शेजारी बसून विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. उपदेश करायचा नाही. ऐकलेले डॉर्मिटरीत बोलायचे नाही; पण जिवाला धोका वाटला, तर त्याला एकटे न सोडता हाउस मास्टरांना लगेच कळवायचे, हे त्याला आधीच सांगायचे. ही चुगली नव्हे. जखमी साथीदाराला मैदानात सोडून कोणी येत नाही. सुट्टीत घरी असताना केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे: क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. पालकांनीही तो लिहून ठेवावा.