थरथरणाऱ्या इंजिनाचे दुखणे : चोरवाटेने शिरणारी हवा

वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे भाजीपाला उतरवून परतीच्या वाटेला लागलेल्या टेम्पोंच्या रांगेकडे लक्ष देऊन पाहिले, तर त्यातला एखादा तरी उभ्या-उभ्या हिव भरल्यासारखा थरथरताना आढळतो. आरसा हलतो, गिअरचा दांडा नाचतो, इंजिनाचा आवाज मध्येच अडखळतो. चालकाने रेस वाढवली की थरथर नाहीशी होते आणि सिग्नलवर थांबताच परत येते. ‘गाडी मिसिंग मारतेय’ एवढेच सांगून टेम्पो गॅरेजमध्ये जातो. प्लग बदलले जातात, मग इग्निशन कॉइल बदलली जाते. एवढे होऊनही थरथर कायम राहिली, तर इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. एकाच टेम्पोवर घर चालवणाऱ्या मालकासाठी हा खर्च तर असतोच, शिवाय तितक्या दिवसांचे भाडेही बुडते. पुष्कळदा मूळ दोष मात्र उष्णतेने तडकलेल्या बोटभर लांबीच्या रबरी नळीत असतो.

या तडकलेल्या नळीचा आणि इंजिनाच्या थरथरीचा संबंध समजून घेण्यासाठी थोडे आत डोकवावे लागते. पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती जवळजवळ मिटते. दट्टे मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन संथ फिरत असताना हा निर्वात पाऱ्याच्या साधारण १७ ते २२ इंचांइतका भरतो. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ३० इंच धरला, तर आत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. अशा जागी नळीला भेग पडली, गॅस्केट बसले किंवा इंजेक्टरभोवतीची रबरी कडी कडक झाली, की बाहेरची हवा त्या फटीतून आत खेचली जाते.

इंधन आणि हवा यांचे प्रमाण ठरलेले असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर सीएनजीला साधारण १७ किलो. चोरवाटेने आलेली हवा या हिशेबात बसत नाही. मिश्रण विरळ होते, एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही ते पेटत नाही आणि इंजिनाला झटका बसतो. संथ फिरणाऱ्या इंजिनाला मुळातच थोडी हवा लागत असल्याने फटीतली हवाही फार ठरते. रेस वाढवली की झडप उघडते, निर्वात कमी होतो, मुख्य वाटेने भरपूर हवा येते आणि फटीचा वाटा नगण्य होतो. उभा टेम्पो थरथरतो आणि धावता टेम्पो सुरळीत चालतो, त्याचे कारण हे. अर्थात हाच अनुभव इंजिनाखालची रबरी माऊंटिंग फाटल्यावरही येतो. इंजिन धडधाकट असते, फक्त त्याची थरथर अडवणारे कोणी उरलेले नसते. हा साधा तपास आधी करणारे मेकॅनिक दुर्दैवाने थोडे.

शोध कसा घ्यावा?

लहान सीएनजी टेम्पोंपैकी अनेकांना अडचणीच्या वेळेसाठी पेट्रोलची छोटी टाकी दिलेली असते. निदानाची पहिली पायरी तिथेच आहे. गाडी पेट्रोलवर टाकावी. थरथर थांबली, तर दोष गॅसच्या बाजूचा, म्हणजे रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर किंवा गॅसचे इंजेक्टर यांचा. कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर येणारे तेल या फिल्टरमध्ये साचते आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. दोन्ही इंधनांवर थरथर सारखीच असेल, तर हवेची गळती, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांकडे वळावे.

हवेच्या गळतीचा ‘सू’ असा आवाज कधी कधी नुसत्या कानालाही ऐकू येतो. रबरी नळीचा एक तुकडा एका टोकाने कानाशी धरून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले, तर जागा अधिक नेमकी कळते. दुसरा उपाय एकेक नळी पकडीने हलकेच दाबून पाहण्याचा. जी दाबताच इंजिन सुधारते, त्या नळीच्या टोकापर्यंत दोष शोधत जावे. साबणाचे पाणी सांध्यांवर टाकूनही पाहता येते, फट असेल तिथे ते आत ओढले जाते आणि आवाज बदलतो. काही गॅरेजमध्ये यासाठी कार्ब्युरेटर साफ करण्याचा स्प्रे तापलेल्या इंजिनावर मारतात. तो ज्वलनशील असतो, आणि सायलेन्सरचा पाइप शेजारीच लालबुंद झालेला असताना असे करणे म्हणजे आगीशी खेळ. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये धूर सोडणारे यंत्र उपलब्ध असेल, तर भेग कुठे आहे ते धूरच दाखवतो.

व्हॅक्यूम गेज हे साधन जुने, पण बोलके आहे. काटा स्थिर पण नेहमीपेक्षा खाली असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. एकाच लयीत ठरावीक झटका देत असेल, तर दोष बहुधा एखाद्या व्हॉल्व्हचा असतो. दर हजार फूट उंचीमागे काटा सुमारे एक इंच खाली येतो हेही ध्यानात ठेवावे. लोणावळा सुमारे दोन हजार फुटांवर आहे. मुंबईत १९ दाखवणारा काटा तिथे १७ दाखवू लागला, म्हणून इंजिन बिघडले असे होत नाही.

अलीकडच्या गाड्यांत संगणक असल्याने स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ पाहता येते. मिश्रण विरळ झाल्याने संगणक किती टक्के जादा इंधन सोडतो आहे, याचा हा आकडा. उभ्या गाडीत तो अधिक २० च्या घरात आणि अडीच हजार फेऱ्यांना शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती जवळजवळ निश्चित. वेग वाढवल्यावर तो आणखी चढत असेल, तर इंधनच कमी पडते आहे. मात्र जी इंजिने हवा थेट न मोजता मॅनिफोल्डच्या दाबावरून तिचा अंदाज घेतात, त्यांत गळतीने दाब वाढतो, संगणक इंधनही वाढवतो आणि इंजिन थरथरण्याऐवजी विनाकारण जोरात फिरू लागते. अशा वेळी स्कॅनरवर विसंबणारा मेकॅनिक फसतो.

डिझेल ट्रकची गोष्ट वेगळी

जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडपच नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये म्हणण्याजोगा निर्वातही नसतो. पण खेच इथेही असते, ती इंधनाच्या नळीत. टाकीतून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. या टप्प्यात सांधा सैल झाला किंवा तांब्याचा वायसर चेपला, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. खाली थेंबही पडत नाही, त्यामुळे दोष दिसत नाही. सकाळी ट्रक सुरू होऊन लगेच बंद पडतो, हॅण्डप्रायमर मारल्याशिवाय चालत नाही, टाकी भरलेली असताना बरा असतो आणि अर्ध्यावर आली की कुरकुरतो. टाकीतली पातळी उतरल्यावर खेच वाढते, त्याचा हा परिणाम. खुणा इतक्या स्पष्ट असूनही ‘पंप गेला’ म्हणून फ्युएल पंप कॅलिब्रेशनला उतरवला जातो, ही या धंद्यातली नेहमीची आणि महागडी चूक आहे.

खात्री करून घेणे सोपे आहे. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. इंजिनापेक्षा उंच ठेवलेल्या डब्यातून फीड पंपाला थेट डिझेल द्यावे. ट्रक सुरळीत चालला, तर दोष टाकी ते पंप या दरम्यानच आहे. दुरुस्तीनंतर फिल्टरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत प्रायमर मारला की हवा निघते. इंजेक्टरच्या नळीचे नट एकेक सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखण्याची जुनी पद्धत मात्र कॉमन रेल इंजिनावर कदापि वापरू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीत सहज घुसते.

ब्रेकशी संबंध

ही गळती केवळ इंजिनाच्या तब्येतीपुरती राहिली असती, तर प्रश्न खर्चाचाच होता. मोठ्या ट्रकांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. हलक्या टेम्पोंत मात्र ब्रेकच्या पेडलला बळ देणारा बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल आणि सीएनजी इंजिनात तो सहसा मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल टेम्पोत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असून अनेकदा तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बूस्टरचा पडदा फाटला की पेट्रोल वा सीएनजीचे इंजिनही थरथरते आणि ब्रेकही कडक होतो. खंडाळ्याचा घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करणाऱ्या चालकाला तर राखीव निर्वातावर दोन-चार वेळा पेडल दाबता येते. त्यानंतर ब्रेक लागतो तो केवळ पायाच्या जोरावर, आणि भरलेल्या टेम्पोला तो जोर पुरत नाही.

याची तपासणी चालकाला स्वतः करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते जागचे हलले नाही, तर निर्वात बूस्टरपर्यंत पोहोचत नाही आणि तो टेम्पो दुरुस्तीआधी रस्त्यावर नेऊ नये. नळी बदलताना ती निर्वातासाठी बनवलेली, जाड भिंतीचीच घ्यावी. पाण्याची साधी नळी बाहेरून ठीक दिसते, पण खेच बसताच आतल्या आत चपटी होते.