मूठ बदलली, बंदूक तीच

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. झाडलेल्या काडतुसाच्या ऊर्जेवरच पुढचे काडतूस नळीत चढते. या यंत्रणेला हात न लावता अमेरिकेने 1994 मध्ये बंदी आणली ती मुख्यतः दिसणाऱ्या भागांवर. काढता येणाऱ्या मॅगझीनसोबत पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन अडकवायचा खुंट यांसारख्या दोन गोष्टी असल्या की नवी रायफल बेकायदा. (संगिनीने किती गुन्हे होत होते, हे विचारू नये!) कारखान्यांनी खुंट तासला, नळीचे टोक बदलले आणि तीच रायफल पुन्हा दुकानात मांडली. बंदी आलेल्या काही रायफलींचेच काडतूस झाडणारी रुगर मिनी-14 ही रायफल तर साध्या दस्त्यामुळे सुटलीच होती.

मूठ निव्वळ शोभेची नाही, तिने पकड सुधारते, हा आक्षेप खरा आहे; पण न थांबता किती गोळ्या झाडता येतील, हे मॅगझीन ठरवते. त्याच कायद्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझीनवर बंदी होती, मात्र जुनी विकायला मोकळीक राहिली. 2004 मध्ये कायद्याची मुदत संपली. न्यूझीलंडने 2019 मध्ये ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक यंत्रणांवरच बंदी घातली, लोकांकडच्या रायफली भरपाई देऊन परत घेतल्या; .22 रिमफायर या छोट्या काडतुसाच्या रायफलींना दहा गोळ्यांपर्यंत सूट ठेवली. तिथे मूठ बदलून पळवाट काढायला जागाच उरली नाही.