मोर्तबाचे गणित

आमच्या एका वाचकांनी पाठविलेला प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी कायदा, इतिहास आणि गणित या तिन्ही प्रांतांत एकदम शिरणारा आहे. त्यांच्या डॉक्टरांनी दूरध्वनीच्या पडद्यावरच तपासणी उरकून व्हॉट्सॲपवर एक टंकलिखित चिठ्ठी धाडली. चिठ्ठीच्या तळाशी निळ्या शाईतली झोकदार सही होती. पहिल्या मेडिकलवाल्याने ती निरखून ‘ही सही चालायची नाही, कागद आणा’ म्हणून परत पाठविले. दुसऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही न पाहता गोळ्या मोजून दिल्या. या दोघांत शहाणा कोण, असे वाचकांचे विचारणे आहे. पहिल्याचा संशय रास्त होता, त्याने दिलेले कारण मात्र चुकीचे होते, असे आमचे उत्तर आहे.

कागद हवाच असा हट्ट आता कायदाही धरीत नाही. 1945 च्या औषध नियमावलीतील 65 वा नियम चिठ्ठी लेखी असावी आणि देणाऱ्याने तिच्यावर आपली नेहमीची सही व तारीख घालावी असे फर्मावतो खरा. परंतु जेथे जेथे कायद्याने सही मागितली आहे तेथे तेथे विहित पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालेल, अशी तजवीज 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 5 व्या कलमाने करून ठेवलेली आहे. पुढे 25 मार्च 2020 रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णास पाठविण्यास मुभा दिली. फक्त अमली द्रव्ये आणि परिशिष्ट ‘एक्स’मधील औषधे या मार्गाने लिहून देण्यास मनाई केली. तेव्हा सही केलेल्या कागदाचे छायाचित्र चालते, आणि गणिती पद्धतीने केलेली डिजिटल सहीही चालते. परंतु संगणकात एकदाच साठवून ठेवलेले सहीचे चित्र प्रत्येक टंकलिखित मजकुराखाली डकविणे, हा जो तिसरा प्रकार सर्रास चालतो, तो या दोहोंपैकी कशातही बसत नाही; कारण त्या चित्राचा वरच्या मजकुराशी कसलाही संबंध नसतो. ते चित्र ज्याच्या हाती पडले तो त्यावर हवा तो मजकूर चढवू शकतो.

सही आणि मजकूर यांचा संबंध तुटला म्हणजे काय अनर्थ होतो, हे मराठी माणसास निराळे सांगावयास नको. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, आणि त्यामागे ‘धरावे’ या हुकुमातील ध चा मा आनंदीबाईंनी करून ‘मारावे’ केले होते, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आनंदीबाईंवरील या आरोपास ऐतिहासिक पुरावा कितपत आहे हा वाद संशोधकांनी खुशाल चालवावा. आपल्या कामापुरते एवढेच पाहावे की कथेतील हुकूम देणारा खरा होता, कागद खरा होता, आणि तरीही हुकूम खोटा होता.

आपल्या पूर्वजांना या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच लगेच मोर्तबाचा लहान शिक्का उमटे, तो एवढ्याचसाठी की त्यापुढे कोणा कारकुनाने एक ओळही वाढवू नये. शिवछत्रपतींच्या त्या अखेरच्या मुद्रेवरील अक्षरांचा आशयच मुळी ‘येथे मर्यादा आहे’ असा होता. ही युक्ती नामी होती, परंतु तिला एक उणीव होती: मोर्तबाने पत्राची शेपटी राखली जाई, पोट राखले जात नसे. मजकुराच्या मध्यभागी एखादे अक्षर खोडून दुसरे घातले, तर शिक्का बिचारा तळाशी जसाच्या तसा विराजमान!

हे पोट राखण्याचे काम आजची डिजिटल सही करते, आणि ते ज्या रीतीने करते ती पाहून प्रस्तुत लेखकास दरवेळी नवा आनंद होतो. समजा, चिठ्ठीत ‘इन्सुलिन 4 युनिट’ असे लिहिले आहे. सही करण्यापूर्वी संगणक सबंध चिठ्ठी एका ठराविक गणिती प्रक्रियेतून दळून काढतो आणि तिचे सार म्हणून, मजकूर दोन ओळींचा असो की दोनशे पानांचा, 64 अंकाक्षरांची एक ओळ तयार करतो. ‘एसएचए-256’ नावाची ही प्रक्रिया अशी खोडसाळ आहे की 4 चे 40 केले तर साराचे केवळ एखादे अक्षर न बदलता सारी ओळच ओळखू न येण्याइतकी पालटते. या साराला डॉक्टरांच्या खाजगी किल्लीने, म्हणजे त्यांच्याखेरीज कोणापाशी नसलेल्या एका प्रचंड संख्येने, बांधले म्हणजे सही झाली. आणि तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली वापरून कोणीही औषधविक्रेता तिची खातरजमा करू शकतो. ती किल्ली अमुकच डॉक्टरांची, अशी ग्वाही सरकारी नियंत्रकाकडून परवाना मिळालेली संस्था प्रमाणपत्राने देते. यातली मौज अशी की कागदावरची सही दरवेळी सारखी आली नाही तर बँकेचा कारकून भुवई उंचावतो. ही सही मात्र प्रत्येक चिठ्ठीगणिक निराळी असते, आणि म्हणूनच एका चिठ्ठीवरून काढून दुसरीवर चिकटविता येत नाही.

या शोधाचे श्रेय सांगताना ग्रंथकार व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा 1976 चा निबंध, आणि रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांची आरएसए पद्धत, एवढी नावे घेऊन थांबतात. राल्फ मर्कल या नावापाशी मात्र क्वचितच कोणी रेंगाळतो. 1974 च्या शरद ऋतूत बर्कलीच्या विद्यापीठात पदवीपूर्व वर्गात शिकणाऱ्या या पोराने, पूर्वी कधीही न भेटलेल्या दोन माणसांना उघड्या मार्गावरून गुपित ठरविता येईल, अशी कल्पना अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी मांडली. प्राध्यापकांना ती रुचली नाही, तेव्हा पठ्ठ्याने कल्पना ठेवली आणि अभ्यासक्रम सोडला! 1975 मध्ये त्याने निबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठविला, तो परत आला; अखेर एप्रिल 1978 मध्ये त्याच नियतकालिकाने तो छापला, तोवर त्याच्याच फेब्रुवारीच्या अंकात आरएसएचा निबंध झळकून गेला होता. हेलमन यांनी 2002 मध्ये आपल्या पद्धतीच्या नावात मर्कलचेही नाव असावे असे मोकळेपणाने सुचविले. पण 2015 चे ट्युरिंग पारितोषिक डिफी आणि हेलमन या दोघांनाच मिळाले. आणि वर वर्णिलेली दळण्याची प्रक्रिया? मजकुराचे तुकडे पाडून एकाचे सार पुढच्यात कालवीत जाण्याची तिची रचना मर्कल आणि डेन्मार्कचे इव्हान डॅमगार्ड यांच्या नावाने ओळखली जाते. डॉक्टरांच्या प्रत्येक डिजिटल सहीत अशा रीतीने मर्कलचा हात आहे. सहीच्या इतिहासात मात्र त्याची सही पुसट आहे.

आता थोडे थंड पाणी ओतणे प्राप्त आहे. ‘आमची प्रणाली घ्या, चुका संपल्या’ अशा जाहिराती दवाखान्या-दवाखान्यांतून फिरत आहेत. सही झाल्यानंतर मजकूर बदलला नाही, एवढेच गणित सांगते. सही होण्यापूर्वी तो वाचला गेला की नाही, याविषयी ते मौन पाळते. युनिटऐवजी इंग्रजी ‘यू’ लिहिला म्हणजे तो शून्यासारखा वाचला जाऊन चाराचे चाळीस होतात, म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 मध्येच हे लघुरूप निषिद्ध ठरविले. परंतु डॉक्टरांनी स्वतःच घाईत 40 टंकित केले, तर डिजिटल सही त्या चुकीवरही तितक्याच निष्ठेने मोर्तब करील.

या मानवी दुर्बलतेचा विचार अमेरिकेच्या नियमांत अधिक बारकाईने झालेला आढळतो. तेथे मेडिकेअर या सरकारी विम्याच्या तपासणीत रबरी शिक्क्याची सही ग्राह्य धरीत नाहीत, अपवाद फक्त शारीरिक अपंगत्व सिद्ध करणाऱ्या डॉक्टरांचा. आणि वैद्यकीय आदेशावर सही नसेल तर तो आदेश आलाच नाही असे समजून दाव्याचा निवाडा होतो. नियंत्रित औषधांच्या इलेक्ट्रॉनिक चिठ्ठ्यांसाठी तेथील औषध अंमलबजावणी खात्याने मार्च 2010 मध्ये जे नियम प्रसिद्ध केले, त्यांनुसार परवलीचा शब्द, संगणकापासून अलग असे टोकन आणि बोटाचा ठसा यांसारखी शारीरिक खूण, या तिहींपैकी दोन तरी जुळल्याविना सही होत नाही. मदतनिसाने मजकूर तयार करावयास हरकत नाही. मात्र रुग्णाचे नाव, औषध, त्याची शक्ती, मात्रा व संख्या पडद्यावर समोर असतानाच डॉक्टरांनी सही करावयाची, टोकन कोणाच्याही हवाली करावयाचे नाही, आणि ते हरवल्याचे कळताच कामकाजाच्या एका दिवसात कळवावयाचे.

आपल्याही कायद्याचे 42 वे कलम खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची जबाबदारी धारकावरच टाकते. तरी सकाळी दवाखाना उघडणारा कंपाउंडर जेव्हा डॉक्टरांचे यूएसबी टोकन संगणकाला लावून मोकळा होतो आणि त्याचा पिन पडद्याच्या कडेला चिठोऱ्यावर चिकटविलेला असतो, तेव्हा पन्नास वर्षांचे गणित त्या चिठोऱ्यापाशी शरण जाते. यास्तव नवी प्रणाली घेणाऱ्या डॉक्टरांनी विक्रेत्यास तीनच प्रश्न विचारावेत: किल्ली कोठे राहते, सहीच्या क्षणी औषध व मात्रा पडद्यावर दिसते काय, आणि सहीनंतर एक अंक जरी बदलला तर औषधविक्रेत्यास ते कळते काय. या तिहींची सरळ उत्तरे न देता जो ‘कागदमुक्त दवाखान्या’ची महती गाऊ लागतो, त्याला चहा पाजून वाटेस लावावे.