जुन्या पेट्रोल गाडीचे टायमिंग : आधी मोजमाप, मग खरेदी

विंचूर येथे लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याच्या हंगामात इथे ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रीघ लागते. ही वाहने बहुतांशी डिझेलची. डिझेल इंजिनाला ना स्पार्क प्लग, ना पॉइंट. साहजिकच नव्या कारागिरांचा हात डिझेलवर बसतो. अशा गॅरेजच्या दारात एखादी जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर येऊन उभी राहिली, की खरी परीक्षा सुरू होते.

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हौशी मालकांनी मात्र या गाड्या जपल्या आहेत. त्यांच्यासाठी मिळणारा माल तीन प्रकारचा : जुन्या साठ्यातील, लोकल बनावटीचा आणि मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी मिळणारा वापरलेला. तिन्हींत चांगले-वाईट असतेच. चुकीचा पार्ट आणला तर पैसे जातात, नाशिक-मुंबईची खेप वाया जाते आणि गिऱ्हाईकही तुटते.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा डिस्ट्रिब्युटर १५०० फेरे घेतो आणि ६००० ठिणग्या देतो. म्हणजे सेकंदाला १००. ठिणगी लवकर पडली तर इंजिन ठोका देते. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते आणि पेट्रोल जादा पिते.

गाडी मिस मारू लागली की पॉइंट बदलण्याची घाई होते. त्याआधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून शाफ्ट आडवा हलवून पाहावा. हाताला खेळ लागला तर बुश झिजला आहे. अशा शाफ्टवर नवा पॉइंट टिकत नाही, कारण गॅप प्रत्येक फेऱ्यात बदलत राहतो. आधी खरादवाल्याकडून बुश बदलून घ्यावा. मग कॅमच्या चारही उंचवट्यांवर फिलर गेजने गॅप मोजावा. एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा आला, तर दोष पॉइंटचा नाही.

रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने किंचित वळवून सोडावा; तो स्प्रिंगने मागे आला पाहिजे. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढली की आतली प्लेट सरकली पाहिजे. सरकली नाही तर पडदा फाटला आहे किंवा प्लेट अडकली आहे.

दुकानात नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. अ‍ॅम्बेसेडरचेच पाहा. एकाच नावाखाली १४८९ सीसीचे जुने बी.एम.सी. इंजिनही आले आणि पुढे १८१७ सीसीचे इसुझूही. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा नंबर लिहून न्यावा आणि जुना पॉइंट सोबत ठेवावा. बी.एम.सी. इंजिनावरील लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंटचा गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मि.मी. लागतो. तोच आकडा दुसऱ्या बनावटीला लावू नये.

कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ दिसले, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. कॉइल घेताना ती बॅलास्टची आहे की बिनबॅलास्टची, हे विचारावे. बॅलास्टची कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा दुसऱ्या इंजिनाच्या बसवू नयेत. त्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा ताण वेगळा असतो.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संचही बसवता येतो. पण वजने, स्प्रिंगा आणि शाफ्ट जुनेच राहतात, त्यामुळे ही तपासणी टळत नाही.

बसवताना आधी गॅप, मग टायमिंग हा क्रम पाळावा. गॅप बदलला की टायमिंगही सरकते. एका वेळी एकच पार्ट बदलून गाडी चालवून पाहावी, म्हणजे दोष कुठे होता ते कळते. चालता जुना पार्ट फेकू नये.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. लोकल माल लावला तर बिलावर लोकलच लिहावे आणि काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यावा. जुन्या गाडीचा मालक चोखंदळ असतो. एकदा विश्वास बसला, की तो लांबूनही त्याच गॅरेजात येतो.